कर्ण्यातून आलेलं हसू

मी भाजी विकते. माहेर बेल्याकडचं, सासर बाजाराच्या गावाला लागून असलेल्या खेड्यातलं. नवरा शेतात भाजी पिकवतो, मी ती बाजारात नेऊन विकते. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले आणि अक्षर बरं आहे, म्हणून बाजारातल्या बायांच्या अर्ज्या लिहायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. बाजाराच्या गावाचं नाव लिहीत नाही. आदिलाबाद जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं की लोक म्हणतात, ते त्या एका गावातलं आहे, आमच्याकडे तसं नाही.

आमच्या भाजीबाजाराला पत्र्याचं छप्पर आहे, लाइट आहे, दरवाज्यावर तेलुगू अक्षरांची मोठी पाटी आहे. बायांसाठी संडास नाही आणि मुतारीही नाही. पुरुषांना मागची भिंत आहे. आम्ही सकाळी सहाला पाल मांडतो, दिवेलागणीला उठतो. तेवढ्या वेळात काय करायचं याचं उत्तर बहुतेक बायांनी एकच शोधलं होतं, पाणी प्यायचं नाही. मे महिन्यात पत्रा तापून डोकं भणभणायला लागतं, तेव्हाही घोट तोंडात घ्यायचा, खळखळायचा आणि थुंकून टाकायचा. अगदीच निभलं नाही तर जुन्या गोदामामागे दोघींनी मिळून जायचं. एकीनं बसायचं, दुसरीनं पदर पसरून उभं राहायचं. तिथं उभी असताना रस्त्यावरून जाणारा प्रत्येक मोटारसायकलवाला आपल्याकडेच बघतोय असं वाटतं. पुष्कळदा तो बघतही असतो.

माझ्या शेजारी एक मावशी बसायची. नात्यातली नाही, बाजारातली मावशी. वांगी, हिरवी मिरची आणि आंबाडीची भाजी विकायची. साठीच्या पुढची, नवरा गेलेला, बोलणं खणखणीत. दोन वर्षांत ती तीनदा दवाखान्यात भरती झाली. लघवीला आग, थंडीताप, कंबर धरलेली. तिसऱ्या खेपेला मी सोबत होते. डॉक्टरीणबाई हिंदीत रागावल्या, "पानी क्यों नहीं पीते तुम लोग?"

मावशीनं मराठीतच उत्तर दिलं. "पिऊन जाऊ कुठी, बाई?"

डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली आणि गोळ्या लिहून दिल्या.

अर्ज्या मी तीन लिहिल्या. पहिली मराठीत लिहिली. 'महिला विक्रेत्यांकरिता स्वच्छतागृहाची व्यवस्था करण्यात यावी, ही नम्र विनंती.' शाळेत शिकवलं होतं तसं, समास सोडून, खाली सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे. रस्त्याच्या पलीकडे, बाजाराच्या अगदी समोर, ज्या कचेरीकडे आमचा बाजार येतो तिथे मी ती नेऊन दिली. बाबू म्हणाला, मराठी चालत नाही, तेलुगूत आणा. एका मास्तरांकडून तेलुगूत करून घेतली. मग कळलं, साहेब मीटिंगला गेलेत. तिसरी अर्जी दिली तेव्हा सांगितलं, "तुमची दरखास्त साहेबांच्या पेशीत आहे." पेशीत म्हणजे साहेबांच्या खोलीत, टेबलावर. ती तिथे आजही असेल. पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून कोणी तिच्यावर काही ठेवलं असेल.

हे सगळं चालू असताना एक कलाकार मुलगी आली.

तुरीच्या हिरव्या शेंगांचा हंगाम होता. हैदराबादहून आलेली, पंचविशीची, केस कापलेले, अंगात सुती कुर्ता. कचेरीनं गाव सुंदर करायचा काहीतरी कार्यक्रम काढला होता, त्यात तिला बोलावलं होतं. ती आठवडाभर आमच्यात येऊन बसली. तिनं फोटो काढले नाहीत, हे मला आवडलं. पोत्यावर मांडी घालून शेंगा सोलायची आणि विचारायची, तुम्ही दिवसभर कोणाशी बोलता, त्या कचेरीत कधी गेलात का. तेलुगूत, हिंदीत, आणि आमचं ऐकून ऐकून थोडं मराठीत.

मग तिनं सांगितलं की ती काय करणार आहे. बाजाराच्या दरवाज्याशी एक मोठा पत्र्याचा कर्णा, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. रस्त्याखालून नळी. आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला, कचेरीच्या बागेत, जिथे कामाला आलेले लोक बाकांवर ताटकळत असतात, तिथे दुसरा तसाच कर्णा. वीज नाही, मशीन नाही. इकडे बोललं की तिकडे ऐकू येतं, तिकडे बोललं की इकडे.

"हे पाहायचं चित्र नाही, अक्का," ती मला म्हणाली. "लोक बोलले नाहीत तर हा नुसता पत्रा आहे."

मला ते पटलं. खरं सांगते, फार पटलं. लहानपणी आम्ही दोरा लावलेल्या काड्यापेटीतून बोलायचो, त्यातलंच हे, फक्त मोठ्या माणसांसाठी. गावातल्या पेट्या बनवणाऱ्या पत्रेवाल्याकडून तिनं कर्णे करून घेतले. बाहेरून निळे, आतून तांबडे. खाली तीन भाषांत एक ओळ लिहायची होती, 'बोला, कोणीतरी ऐकतंय.' मराठी ओळ मी लिहून दिली.

पहिले काही दिवस तर जत्राच होती. शाळा सुटली की पोरं कर्ण्यात भुंकायची. एका म्हाताऱ्यानं कचेरीच्या बाकावरूनच टमाट्याचा भाव विचारला आणि चार बायांनी एकदम चार भाव सांगितले. तिकडच्या शिपायाला आमच्यातली एक ओळखीची झाली, तो दुपारी विचारायचा, "आज मेथी आली काय?" मावशीला तर वेडच लागलं. तिला आजवर त्या कचेरीच्या पायरीच्या वर कोणी येऊ दिलं नव्हतं. ती कर्ण्यात तोंड घालून म्हणायची, "कोन बोलून राह्यलं तिकडं?" आणि तिकडून कोणी ना कोणी आपलं गाव सांगायचं. कोणी मुधोळचा, कोणी बेज्जूरचा. ती वांग्यांवर येऊन बसली की मला म्हणायची, "मानूस दिसत नाई ना, म्हून मोकळं बोलता येते."

मग उद्घाटन ठरलं. कर्णे लागून आठवडा झाला होता, लोक वापरतही होते, तरी उद्घाटन पाहिजेच. कचेरीच्या बागेत मांडव टाकला, पुढाऱ्यांचे चेहरे छापलेला फ्लेक्स लावला. ठरलं असं की तिकडून मोठे साहेब कर्ण्यात बोलतील आणि इकडून बाजारातली एक बाई उत्तर देईल. कोणती बाई, असं मुलीनं मला विचारलं. मी मावशीचं नाव सांगितलं.

हे मी पुष्कळदा आठवते. नाव मी सांगितलं होतं.

मावशीला एक तेलुगू वाक्य शिकवलं होतं, "ई ऊरु मनदी." हे गाव आपलं आहे. तिनं ते दोन दिवस घोकलं. त्या दिवशी ती हिरवं लुगडं नेसून आली, गजरा मात्र विकत घेतला नाही, म्हणाली लाज वाटते. आम्ही सगळ्या तिच्यामागे उभ्या होतो. मुलगी आमच्या बाजूला होती. कर्ण्यातून आधी खोकल्याचा आवाज आला, मग साहेबांचा. त्यांनी हिंदीत विचारलं, कारण मराठी बायांशी ते हिंदीतच बोलत, "अम्मा, बाजार में सब ठीक है? और क्या चाहिए आप लोगों को?"

त्यांना ते विचारायचं नव्हतं. त्यांना नुसतं नमस्कार म्हणायचं होतं, हे मला नंतर कळलं. पण माणूस बोलायला लागला की विचारून बसतो.

शिकवलेलं वाक्य त्या प्रश्नाला लागू पडत नव्हतं. मग मावशी दोन्ही हातांनी कर्ण्याच्या कडा धरून म्हणाली, "साहेब, बायांले मुताले जागा नाई. तेवढी द्या."

मग तिकडून कोणीतरी ते तेलुगूत सांगितलं. आणि मग हसू आलं. एका माणसाचं नाही, पूर्ण मांडवाचं. पुरुषांचं हसू, पोटातून आलेलं, त्या लाल कर्ण्याच्या तोंडातून भसाभसा आमच्या अंगावर पडत होतं. कोणीतरी ते वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं, मावशीच्या आवाजाची नक्कल करून, आणि पुन्हा हसू. साहेबांचा आवाज आला, "हो जाएगा अम्मा, हो जाएगा," तोही हसत. मग बँड वाजला.

मावशीनं कर्णा सोडला. तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं होतं. तिनं आमच्याकडे पाहिलं. आणि मी काय केलं? मी खाली पाहिलं. आमच्यातल्या दोघी तर तोंडाला पदर लावून हसतही होत्या, लाजेनं हसतो तसं. तीन अर्ज्या लिहिणाऱ्या मला त्या क्षणी असं वाटलं की मावशीनं तो शब्द वापरायला नको होता. स्वच्छतागृह म्हणाली असती तर.

त्या विचाराचा मला आजही संताप येतो. मीच तो केला म्हणून जास्त येतो. माझ्या स्वच्छतागृहाला त्या टेबलावर धूळ बसली होती. मावशीचा एक शब्द निदान ऐकला तरी गेला.

दुसऱ्या दिवशी त्याचा व्हिडिओ गावभर फिरला. तिकडच्या बाजूनं कोणीतरी काढलेला. त्यात मावशी दिसतच नव्हती, फक्त कर्णा, तिचा आवाज आणि हसणारे लोक. पाठीमागे कोणीतरी ढोलकीचा आवाज जोडला होता. मावशीच्या थोरल्या मुलाला तो त्याच्या कामावर कोणीतरी दाखवला. तो घरी येऊन आईला म्हणाला, "म्हतारपनी इज्जत घालवली आमची." मावशी बाजारात यायची थांबली. तिच्या जागेवर मी पोतं अंथरून ठेवत होते, दुसऱ्या कोणी बसू नये म्हणून.

माझ्या नवऱ्यानंही व्हिडिओ पाहिला होता. जेवताना म्हणाला, "तू कायले पडतं त्याच्यात? आपली भाजी विक अन् ये."

मी म्हटलं, "तुमी एक दिवस बिनपान्याचं बसा. मंग सांगा."

दुसऱ्या दिवशी शेतातून टेम्पोत भाजी भरताना त्यानं पाण्याची कॅन उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि परत खाली ठेवली. त्याला काय वाटलं ते मी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी मी कर्ण्याशी गेले. बाजार भरलेला होता. मी तेच वाक्य म्हटलं, त्याच शब्दांत. तो शब्द मी परक्या पुरुषांपुढे कधी उच्चारला नव्हता. "साहेब, बायांले मुताले जागा नाई. तेवढी द्या." तिकडे कोणीतरी हसलं. मी पुन्हा म्हटलं. मग कोथिंबीरवाली उठली, तिनं म्हटलं. मग कांदेवाली. उद्घाटनाच्या दिवशी पदरात हसलेल्या दोघी होत्या ना, त्याही आल्या. आम्ही काही ठरवलं नव्हतं, पण त्या दिवसापासून पाळीपाळीनं, ज्या बाईचं गिऱ्हाईक संपलं ती उठायची, वाक्य म्हणायची आणि येऊन बसायची. सकाळपासून पाल उठेपर्यंत. भांडण नाही, घोषणा नाही. एकच वाक्य.

पहिल्या दिवशी तिकडून हसू यायचं. दुसऱ्या दिवशी कमी झालं. तिसऱ्या दिवशी एका बाईचा आवाज आला, कामाला आलेली कोणी असावी, तेलुगूत म्हणाली, इथे पण नाही अक्का, मी तीन तास बसलेय. आमच्यातल्या तेलुगू बायांनी ते आम्हाला सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की ही नळी कामाची आहे.

पाचव्या दिवशी आवाज बसल्यासारखा झाला. बोललं की शब्द कर्ण्यातच घुमायचा आणि परत आपल्याच तोंडावर यायचा. मी पाल सोडून रस्ता ओलांडला. कचेरीच्या बागेतल्या कर्ण्यात काहीतरी कोंबलेलं होतं आणि वर तेलुगूत चिठ्ठी चिकटवलेली, दुरुस्तीसाठी बंद. मी हात घालून ओढलं. उद्घाटनाचा फ्लेक्स निघाला, गुंडाळी करून आत दाबलेला. एका पुढाऱ्याचा जोडलेला हात आणि अर्धा चेहरा माझ्या हातात आला.

राखणदार धावत आला. "ओ अक्का, हात नको लावू. साहेबांचा हुकूम आहे."

"काय बिघडलं होतं यात?"

"मला नाही माहीत. आवाज होतो म्हणतात. काम होत नाही म्हणतात."

"बाया बोलल्या का काम होत नाई. अन् त्या दिशी बँड वाजला तवा?"

तो गरीब माणूस होता, त्याच्याशी भांडून उपयोग नव्हता. पण माझ्या हातातला तो फ्लेक्स मी तिथेच टाकला नाही. पायऱ्या चढून वर गेले आणि बाबूच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, "तुमचं सामान पडलं होतं." संध्याकाळी कर्णा पुन्हा बंद होता. यावेळी आत सिमेंट होतं.

मी मुलीला फोन केला. ती दोन दिवसांनी आली. तिनं सिमेंटवर बोटं फिरवली. मग माझ्या पालाशी बसली आणि हिंदीत सांगायला लागली. तिलाही वाईट वाटतंय. तिनं साहेबांना समजावलं होतं की हा संवादाचा प्रयोग आहे. पण आम्ही एकच वाक्य सारखं म्हणत राहिलो म्हणून ते चिडले. थोडं सांभाळून घेतलं असतं, मध्ये गाणी, गप्पा ठेवल्या असत्या, तर कर्णा टिकला असता.

माझा इतक्या दिवसांचा राग तिच्यावर निघाला. "तूच लिहून घेतलं ना माझ्याकडून, कोणीतरी ऐकतंय म्हणून? माझ्या अक्षरात आहे ते. लोक ते वाचून बोलले. मावशी बोलली. ते हसले तेव्हा तू आमच्या बाजूला उभी होतीस, तुलाही ऐकू आलं. तू काय म्हणालीस? टाळ्या वाजवल्यास."

ती म्हणाली, "मला काय करावं सुचलं नाही, अक्का."

"मलाही सुचलं नाही. पण मी कोणाला बोलायला बोलावलं नव्हतं."

ती रडली. मला दया आली नाही, हे लिहून ठेवते. रडून झाल्यावर तिनं पिशवीतून एक कागद काढला. लोकांच्या गैरवापरामुळे कलाकृती खराब झाली, असं त्यावर लिहिलं होतं आणि तिची सही पाहिजे होती. कचेरीला वरती दाखवायला. तिनं त्याचे माझ्यासमोर चार तुकडे करून भाजीच्या देठांच्या ढिगात टाकले आणि म्हणाली, आता मला इथे कोणी पुन्हा बोलावणार नाही. मी तिला चहा पाजला. त्याहून जास्त मला जमलं नाही.

दुपारी ती मावशीच्या घरी गेली, मी वाट दाखवायला सोबत. मावशी अंगणात मिरच्या निवडत होती. मुलीनं वाकून तिच्या पायाला हात लावला आणि मराठीत म्हणाली, "माझं चुकलं." मावशीनं तिला उठवलं.

"तुयं काय चुकलं? ते हासले, त्यांचं चुकलं. मी खोटं बोलली काय?" मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "माह्या जाग्यावर कोन बसते?"

"कोनी नाई. पोतं हाय."

दुसऱ्या दिवशी ती आली. मुलगा तिच्याशी बोलत नव्हता, तरी आली.

आणि त्याच महिन्यात, आमच्या वाक्यामुळे म्हणा की बाकावरच्या त्या तेलुगू बाईसारख्या चारजणींनी आत जाऊन तक्रार केली म्हणून म्हणा, गोदामाजवळ प्लास्टिकच्या दोन खोल्या येऊन उभ्या राहिल्या. निळ्या रंगाच्या, आत भांडं बसवलेल्या. नळ नाही. दाराला कुलूप. किल्ली कचेरीतल्या राखणदाराकडे. म्हणजे बाईला लागलं की रस्ता ओलांडायचा, त्या माणसाला शोधायचं, तो चहाला गेला असेल तर थांबायचं, किल्ली मागायची, परत यायचं आणि किल्ली पुन्हा नेऊन द्यायची. सगळ्या बागेसमोर. तुम्ही मागितलं होतं ते दिलं, आता काय, असं बाबू म्हणाला.

पेपरात मात्र कर्ण्याचा फोटो आला. 'नागरिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद', असं खाली छापलं होतं. कर्णे काढून त्यांनी चौकात नेऊन बसवलेत, सोनेरी रंग देऊन, नळीशिवाय. एकमेकांकडे तोंड करून उभे आहेत. लोक त्यांच्यात डोकं घालून फोटो काढतात. माझी ओळ रंगाखाली गेली.

किल्लीचं मात्र मावशीनं मिटवलं. एक दिवस ती मागायला गेली, घेऊन आली आणि परत नेलीच नाही. राखणदार आला तर वांगी मोजता मोजता म्हणाली, "साहेबांले लागली तर सांग. मी देतो." तेव्हापासून किल्ली तिच्या कमरेला आहे. पाणी आम्ही हापशावरून बादलीनं नेतो, पाळी लावून. आता दुपारी आम्ही पाणी पितो. रोज सकाळी पहिली बादली मी नेते आणि प्रत्येक वेळी माझे दात आवळले जातात, कारण हे एवढंसं मिळवायला एका म्हाताऱ्या बाईला गावाचं हसू झेलावं लागलं.